फुलाच्या तावडीतली माशी

“उद्या आम्ही दोघं पठारावर फुलं आणि धबधबा बघायला जाणार,” एवढं एकच वाक्य नेमिनाथ मगदूम साताऱ्यात साडूच्या सोप्यावर बसून बोलला. आवाजही त्यानं बेताचाच ठेवला होता. पण त्या आळीतल्या भिंती पातळ आणि माणसं मोकळी. चहा निवायच्या आत तिघं शेजारी सोप्यावर हजर झाले.

एकानं सांगितलं, छत्री न्याच. दुसऱ्यानं सांगितलं, छत्रीचं नाव काढू नका, वरचा वारा छत्रीला धरून माणूस नेतो. शेजारच्या रंगूबाई म्हणाल्या, पांढरं नेसून जाऊ नका, धुक्यात हरवलात तर शोधायचं कसं? त्यावर तिसऱ्यानं काळजीनं सांगितलं की गडद कपडेही नकोत, पोलिसांना संशय येतो. ते खरंही होतं. लढाईचे दिवस होते आणि बेचाळीसनंतर सातारा भागात रानात फिरणाऱ्या कुणाकडंही सरकार डोळे वटारूनच बघत होतं. साडू जवाहर तर म्हणाला, “नुसती फुलं बघायला कोण जातं हो? काहीतरी काम काढून जा.”

नेमिनाथ सांगलीच्या एका कचेरीत कारकून होता. कामाशिवाय कुठं जायचं हीच तर त्याची हौस होती. गुणमालाला त्यानं लग्नानंतर एकदाही कुठं नेलं नव्हतं. नेलं ते लग्नाला, बारशाला आणि दवाखान्यात. तेव्हा कोणते कपडे घालायचे हे अजून ठरायचं असलं, तरी जायचं हे पक्कं होतं.

तेवढ्यात आतून आवाज आला, “गुणमाले, त्यांना सांग, मी पण येणार हाय म्हणावं. लेकीला तसल्या रानात एकटी कशी धाडू?”

नेमिनाथ तिथंच बसला होता. ‘एकटी’ या शब्दात आपण कुठं बसतो, हे त्याला कळेना.

ह्या आक्काताई. नेमिनाथच्या सासूबाई. पलूसकडच्या बागाईतदार घरातल्या, अंगानं काटकुळ्या आणि धर्मानं कडक. जावई पाटावर बसला असला, समोर पाणी पीत असला, तरी त्या त्याच्याशी थेट बोलत नसत. जे काय असेल ते लेकीच्या मार्फत. घरचे म्हणत, हा मान आहे. नेमिनाथला तो मान फार जड जाई. नुकतंच भाद्रपदातलं जैनांचं पर्युषण पर्व संपलं होतं, पण आक्काताईंचा नेम संपला नव्हता. दिवसातून एकदाच जेवायचं, आणि तेही सूर्य आकाशात असेतो. पायात चप्पल नाही. आणि पाऊल टाकायचं ते पुढची जमीन नीट बघून, खाली जीव नाही याची खात्री करून.

“अहो, येऊ दे की,” गुणमाला रात्री पदर तोंडाला लावून म्हणाली. “ती हळू चालते, तेवढंच.”

मोटार लालासाहेबांची होती. लालासाहेब मूळचे कडेगावचे, पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले, आणि आता साताऱ्यात एका जुन्या मोटारीचे मालक. पेट्रोल मिळत नसे, म्हणून त्यांनी मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवून घेतली होती. भट्टी पेटवायची, वारा घालायचा, धूर नळीतून इंजिनात सोडायचा आणि मग मोटारीची इच्छा असेल तर ती निघायची. त्या दिवशी तिची इच्छा व्हायला सकाळ गेली.

आक्काताईंचा नेम असा की निघण्याआधी जेवायचं नाही, मुक्कामाला पोचून जेवायचं. दशम्यांचा डबा त्यांनी मांडीवर घेतला आणि विचारलं, “गुणमाले, कोळसा चाळून घेतलाय का इचार. त्यात मुंग्या असत्यात.”

लालासाहेबांनी कपाळावर हात मारला, खाली उतरले आणि पोतं पुन्हा ओतून कोळसा चाळला. पलटणीतल्या माणसाला हुकूम कळतो.

यवतेश्वराच्या घाटात मोटार दोनदा थांबली. दोन्ही वेळा नेमिनाथ आणि गुणमाला उतरून मागून ढकलत होते, आणि भट्टी मागंच असल्यामुळं धूर थेट नेमिनाथच्या तोंडावर येत होता. तिसऱ्यांदा मोटार थांबली ती मात्र पोलिसांच्या नाक्यावर. फौजदार नवे होते आणि त्यांनी काळ्या तोंडाच्या नेमिनाथकडं फार वेळ बघितलं.

“कुठं?”

“पठारावर.”

“काम?”

“फुलं बघायला.”

फौजदारांनी लिहायला घेतलेला टाक परत दौतीत ठेवला. “फुलं? कुणाला घालायची?”

“कुणाला नाही. नुसती बघायची.”

“तोडणार न्हाई? देवाला न्हाई, बाजाराला न्हाई?”

“नाही.”

“मग बघून करणार काय?”

नेमिनाथ तोंडावरची काजळी पुसत राहिला. कचेरीत त्यानं स्वतः लोकांना असे प्रश्न विचारले होते. उत्तर न देणाऱ्या माणसाचं पुढं काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. तेवढ्यात मोटारीतून आक्काताई खणखणीत आवाजात म्हणाल्या, “आमी फुलं तोडत न्हाई. त्यात जीव असतोय.”

हे ऐकून फौजदारांचा संशय पक्का झाला. वर रानात लपलेल्या कुणाकुणाला ही माणसं भेटायला निघाली असणार, दशम्या त्यांच्यासाठीच. त्यांनी डबा उघडून बघितला, दशम्या मोजल्या, आणि अर्जुना नावाच्या शिपायाला मोटारीत बसवून दिलं. “हे कुणाला भेटतात, काय देतात, समदं बघून सांगायचं,” असा त्याला सर्वांसमोर हुकूम झाला. अर्जुना मोठ्या मिशांचा आणि छोट्या आवाजाचा माणूस होता. तो अंग चोरून नेमिनाथशेजारी बसला आणि म्हणाला, “रागावू नका साहेब. नोकरी हाय.”

आता या पाहुण्यासकट मोटार वर पोचली आणि नेमिनाथ सगळं विसरला.

पठारभर फुलं होती. सोनकीची पिवळी, तेरड्याची गुलाबी, मध्येच गेंदाची पांढरी बोंडं, आणि ओल्या कातळाच्या कडेला सीतेच्या आसवांचा निळा जांभळा पट्टा. वारा आला की सगळं पठार एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळल्यासारखं व्हायचं. गुणमालानं नवऱ्याच्या सदऱ्याची बाही धरली. एवढ्यानंच त्याचे सगळे कष्ट फिटले. धबधब्याचा आवाज कुठून तरी लांबून येत होता. “तिकडं जाऊन येऊ, मग जेवायला बसू,” तो म्हणाला.

लालासाहेब भट्टी विझू नये म्हणून मोटारीपाशी थांबले. “धुकं आलं तर भोंगा वाजिवतो,” ते म्हणाले. “आवाजाच्या रोखानं सरळ या. फिकर नॉट!”

पण चालायचं कसं? आक्काताई मोटारीतून उतरल्या त्या एका दगडावर, आणि तिथंच उभ्या राहिल्या. पुढं पाऊल टाकायला जागा नव्हती. जिथं बघावं तिथं फूल.

“गुणमाले, पाय ठेवायचा कुठं ते इचार त्यांना.”

नेमिनाथनं उघडे कातळ शोधून काढले. या कातळावरून त्या कातळावर, मध्ये पाण्याची वाट, पुन्हा कातळ, अशी वरात निघाली. पुढं तो, मागं गुणमाला, मग आक्काताई एकेक पाऊल तोलत, आणि शेवटी सरकार. चार पावलांची जागा चालायला जेवढा वेळ लागत होता, तेवढ्या वेळात कचेरीत एक अर्ज निकाली निघाला असता.

एका ओल्या कातळाशी आक्काताई खाली वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

“गुणमाले, ह्या माशीला उठता येईना गं.”

कातळाच्या खाचेत लालसर केसाळ रोपं होती, बोटभर उंचीची. प्रत्येक केसाच्या टोकाला दवाचा थेंब चमकत होता. एका पानावर बारकी माशी बसली होती. बसली नव्हती, चिकटली होती. पाय झाडत होती, आणि ते केस हळूहळू तिच्यावर मिटत होते.

अर्जुनानं थेंबाला बोट लावून बघितलं. “दव न्हाई आक्का. चिकाट हाय. धरलीया तिला. खाणार आता.”

“कोण खाणार?”

“रोप.”

आक्काताई मटकन दगडावर बसल्या. आजवर त्यांनी वाघापासून ढेकणापर्यंत सगळ्यांचा हिशेब मनाशी लावला होता. झाडाफुलांकडून मात्र त्यांना कधी भीती वाटली नव्हती. “फूल येतंय की हो त्याला,” त्या हळूच म्हणाल्या. “फूल येऊन असं?”

नेमिनाथला हसू येणार होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून आलं नाही.

त्यांनी गवताची एक काडी उचलली, पडलेलीच, तोडलेली नव्हे, आणि श्वास रोखून ती माशी सोडवली. माशीनं पंख झाडले आणि ती उडाली. आक्काताईंच्या तोंडावर उजेड पडला. मग त्यांची नजर शेजारच्या पानावर गेली. तिथं दुसरी होती. पलीकडं तिसरी. आणि त्या खाचेच्या पलीकडं सगळ्या कातळाच्या कडेनं लाल रोपंच रोपं.

“आक्काताईंना सांग,” नेमिनाथ बायकोला म्हणाला, “अशानं ते रोप उपाशी राहील. त्यातही जीव आहे.”

गुणमालानं निरोप पोचवायची गरज नव्हती. आक्काताई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “त्यांना सांग, बाकीची झाडं माती खाऊन जगत्यात. ह्यालाच माशी कशाला लागती?” आणि पुढच्या पानाकडं वळल्या.

तेव्हाच पश्चिमेकडून धुकं आलं. आधी लांबची टेकडी गेली, मग मोटार गेली, मग सोनकी गेली. धबधब्याचा आवाज तेवढा राहिला, पण तो आता चारी बाजूंनी येत होता. “चला,” नेमिनाथ म्हणाला. “गुणमाला, त्यांना चला म्हण.”

“ह्या एवढ्या सोडवल्या की आले.”

मग काय करणार? नेमिनाथ गुडघ्यावर बसला. गुणमाला बसली. अर्जुनानं डोक्यावरची टोपी काढून बगलेत धरली, काडी घेतली आणि तोही बसला. “आमच्या खात्यात धरल्यालं सोडायची पद्धत न्हाई साहेब,” तो कुजबुजला, “पर आता इलाज न्हाई.” पठारावरच्या त्या धुक्यात एक कारकून, एक पोलीस आणि दोन बाया माशांची सुटका करत बसले होते. फौजदारांनी हे बघितलं असतं तर त्यांनी कोणतं कलम लावलं असतं, याचा नेमिनाथ विचार करत राहिला, कारण त्याला दुसरा विचार करायचा नव्हता. दुसरा विचार असा होता की आपण कुठून आलो, हे आता त्याला सांगता येत नव्हतं.

‘पों! पों!’

लालासाहेबांचा भोंगा. नेमिनाथ ताडकन उठला. “हे बघा, आवाज! इकडून. चला, आता एकही माशी नको.”

त्यानं आपलं उपरणं काढून एक टोक हाती धरलं, दुसरं गुणमालाकरवी आक्काताईंच्या हाती दिलं. त्यांच्यामागं गुणमाला, तिच्यामागं अर्जुना. भोंगा वाजे, ते तिकडं चालत. पण आक्काताई या धुक्यातही प्रत्येक पावलाला खाली वाकून बघत होत्या, आणि दर दोन पावलांनी उपरण्याला हिसका बसून नेमिनाथ मागं ओढला जात होता. पुढारीपण करायला निघालेल्या माणसाला असं बैलासारखं मागं खेचलं जाणं सोसवेना. धबधब्याचा आवाज वाढत होता, भोंगाही जवळ येत होता, आणि सासूबाईंना मुंग्यांची पडलीय! त्यानं उपरणं जोरानं ओढलं.

उपरणं ताठ झालं. पलीकडून कुणी हलेना.

“पुढं फुलं न्हाईत,” आक्काताई म्हणाल्या.

“मग बरंच झालं की!” नेमिनाथ ओरडला. “आता तरी पाय उचला!”

“गुणमाले, सगळ्या पठारावर पाय ठेवायला जागा न्हाई इतकी फुलं. हितंच कशी न्हाईत?” आणि मग लेकीचं नाव न घेता त्या म्हणाल्या, “जावईबापू, पाय मागं घ्या.”

त्यांनी थेट हाक मारली, या धक्क्यानंच खरं तर तो थांबला. उचललेला पाय तसाच हवेत राहिला. मग त्यानं तो फार हळू, फार अदबीनं मागं टेकवला. त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला आणि धुक्याला भलंमोठं भोक पडलं.

नेमिनाथच्या पावलापुढं काही नव्हतं. शेजारून पाण्याचा एक पांढरा लोट कड्यावरून सुटून खाली जात होता, इतका खाली की तळाशी त्याचं नुसतं वाफेसारखं काहीतरी दिसत होतं. समोर लांब दुसरा डोंगर. ‘पों! पों!’ भोंग्याचा आवाज त्या डोंगरावर आपटून परत येत होता. ते मोटारीकडं नव्हे, आवाजाच्या सावलीकडं चालत आले होते.

अर्जुना खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी गवत धरलं. गुणमालानं आईचा खांदा घट्ट धरला होता, पण डोळे पाण्यावर होते. ती पाणी पडताना बघत होती, वरून खालपर्यंत, पुन्हा वरून खालपर्यंत. मनाच्या एका कोपऱ्यात नेमिनाथ म्हणाला, धबधबा दाखवला बरं का मी हिला.

“केवढं हे पाणी,” आक्काताई शेवटी म्हणाल्या. “त्यात किती जीव जात असतील.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “चांगलं हाय पण.”

मग धुकं पुन्हा मिटलं. आता ते पाण्याकडं पाठ करून, आक्काताईंना पुढं घालून चालले. फुलं आहेत तोवर भुई आहे. कुणी घाई केली नाही. उपरणं एकदाही ताठ झालं नाही.

मोटारीपाशी पोचले तेव्हा लालासाहेब भोंगा दाबून दाबून घायकुतीला आले होते, आणि भोंग्याच्या नादात भट्टी विझली होती. कोळसा ओला झालेला. “इंजिन जाऊ द्या,” ते म्हणाले. “घाट उताराचा हाय. लोटून देऊ. ब्रेक हाय, पर त्याच्यावर लय विसंबू नका.”

सगळ्यांनी ढकलली आणि धावत आत बसले. मोटार धुक्यातून बिनआवाजाची खाली निघाली. वळण आलं की लालासाहेब “जय भवानी” म्हणत आणि सगळे एका अंगाला झुकत. या सगळ्यात नेमिनाथच्या लक्षात आलं की आक्काताई डब्यावर हात ठेवून मान टाकून बसल्या आहेत. चेहरा पांढराफटक. कालच्या दुपारपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

“आई, खा गं दोन घास,” गुणमाला रडवेली झाली.

“सूर्य हाय का?”

कोण सांगणार? बाहेर राखेसारखा उजेड होता. लालासाहेबांचं घड्याळ भोंगा वाजवण्याआधीच बंद पडलं होतं. मावळला असेल, नसेलही. आक्काताईंनी डोळे उघडले आणि जावयाकडं बघितलं. “जावईबापू, तुमी सांगा. दिसतोय का?”

अर्जुनानं कोपरानं त्याला ढोसलं. “हाय म्हना की. म्हातारी पडंल.”

‘हाय’ म्हणायला काय लागत होतं? नेमिनाथ सांगलीत स्वतः कचेरीतून आल्यावर दिवा लावून जेवत असे, आणि हे सासूबाईंना कळू नये म्हणून घरात केवढा बंदोबस्त असे. पण आज त्या त्यालाच विचारत होत्या.

“दिसत नाही,” तो म्हणाला.

“मग नको.” त्यांनी पुन्हा मान टाकली. गुणमालानं त्याच्याकडं अशी नजर टाकली की घाटातलं पुढचं वळण त्याला सोपं वाटलं.

आणि पुढच्याच वळणावर धुकं संपलं. वर छत घातल्यासारखं ते पठारावर राहिलं आणि खाली सगळं सातारा शहर स्वच्छ पसरलेलं दिसलं. सूर्य मागं डोंगराआड होता, पण समोर अजिंक्यताऱ्यावर अजून पिवळं ऊन होतं. पायथ्याशी सावली होती आणि ती किल्ल्याच्या अंगावर चढत चालली होती.

“थांबवा! ऊन आहे!” नेमिनाथ एवढ्या जोरात ओरडला की लालासाहेबांनी मोटार सरळ डोंगरकडेच्या मातीच्या ढिगात घातली. ती थांबली.

रस्त्याच्या कडेला फडकं अंथरलं. आक्काताई किल्ल्याकडं पाठ करून बसल्या, कारण घासाघासाला वळून बघणं बरं नव्हे. “तुमी बघा, जावईबापू,” त्या म्हणाल्या. त्यांनी दशमी मोडली, पुटपुटत हात जोडले आणि खायला लागल्या, सावकाश, नेहमीसारख्या चावून चावून. नेमिनाथ रस्त्याच्या मध्ये उभा राहून किल्ल्याकडं बघत होता. एवढ्या काळजीनं त्या किल्ल्याकडं गनिमानंही बघितलं नसेल.

“हाय का?”

“आहे. अर्ध्यावर आलं.”

“आता?”

“तटाला लागलं.”

सावली थांबत नव्हती, आक्काताईंना घाई नव्हती, आणि मध्ये नेमिनाथचा जीव टांगलेला. लालासाहेब आणि अर्जुनाही दोन बाजूंना उभे राहून श्वास धरून बघत होते. चटणी संपली. दुसरी दशमी संपत आली.

“आता?”

वरच्या बुरुजावर बोटभर ऊन होतं. मग नखाएवढं. मग दगड दगडाच्या रंगाचा झाला. नेमिनाथनं वळून बघितलं. सासूबाईंच्या हातात शेवटचा घास होता, तोंडापासून वीतभर.

“गेलं,” तो म्हणाला.

घास तसाच खाली आला. आक्काताईंनी तो डब्याच्या झाकणात ठेवला, हात धुतले आणि तृप्त होऊन ढेकर दिला. गालावर रंग आला होता. “बरं झालं सांगितलंसा,” त्या म्हणाल्या. मग डबा लालासाहेब आणि अर्जुनाकडं सरकवला. “तुमाला नेम न्हाई. खावा, दिवसभर दमलायसा.”

दोघं डब्यावर वाकले. “झ्याक झाल्यात दशम्या,” अर्जुना भरल्या तोंडानं म्हणाला. आता त्या नेमक्या कुणाला दिल्या हे फौजदारांना कसं सांगायचं, ही त्याची पंचाईत मात्र होती.

नेमिनाथचाही सकाळपासूनचा उपास होता. पोटात कावळे नुसते ओरडत नव्हते, भांडत होते. गुणमालानं पहारा चालू असताना आईच्या आडून दोन घास उरकले होते, हे त्याला तिच्या ओठाला लागलेल्या चटणीवरून आता कळलं. तो डब्याकडं बघत होता. सूर्य मावळल्याचं चारचौघांत त्यानंच जाहीर केलं होतं.

आक्काताईंनी ते बघितलं.

“उपाशी ऱ्हायलासा नव्हं माज्यापायी?” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी धिरडी घालते तुमाला, तुपातली. पर सूर्य उगवल्यावर हां.” आणि पदर सावरून मोटारीकडं निघता निघता, पुढची जमीन बघून एक पाऊल टाकत म्हणाल्या, “उगवला का ते तुमीच बघून सांगा.”